ख्रिस्ती मराठीत ‘पाप’ या शब्दाची जोडी कोणाशी?

प्रश्न : मराठीत पाप आणि पुण्य हे शब्द जोडीनेच वावरतात. बायबलच्या मराठी भाषांतरात मात्र ‘पाप’ पदोपदी भेटते आणि ‘पुण्य’ सहसा त्याच्या जोडीला नसते. मग तेथे ‘पाप’ या शब्दाच्या विरुद्ध कोणता शब्द मानावा?

प्रतिसाद : माझ्या मते ‘कृपा’. पापाचा घडा भरतो, पुण्य गाठीला असते, पूर्वपुण्याई कामी येते. या साऱ्या प्रयोगांमागे जमाखर्चाची कल्पना आहे आणि त्यात एकाची भरपाई दुसऱ्याने होऊ शकते. बायबलमधील मूळ शब्द वेगळ्या मुलखातून आलेले आहेत. ‘पाप’ या अर्थाच्या ग्रीक ‘हामार्तिया’ या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. ‘पाप करणे’ या अर्थाच्या हिब्रू क्रियापदाचेही तसेच आहे: बायबलमधील शास्ते या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात केसावरही अचूक गोफण मारणाऱ्या 700 डावखुऱ्या योद्ध्यांचे वर्णन आहे आणि त्यांचा नेम ‘चुकत नसे’ हे सांगताना तेच क्रियापद वापरले आहे. बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्रातील ‘देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत’ हे शब्द (3:23) याच अर्थाजवळचे आहेत, आणि ‘उणे पडणे’ ही निवड मला फार समर्पक वाटते.

त्याच पत्रात पुढे (6:23) पापाचे ‘वेतन’ मरण आहे असे म्हटले आहे. मराठी वाचकाचे मन पुढे पुण्याच्या वेतनाची अपेक्षा करते; तेथे येते ते देवाचे ‘कृपादान’. ‘वेतन’ या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द सैनिकाच्या पगारासाठीही वापरला जाई, म्हणजे तो कमावलेला मोबदला. दान कमावता येत नाही. वाक्याच्या दोन अर्ध्यांत मुद्दाम ठेवलेली ही विषमता हाच या विषयाचा गाभा आहे.

प्रश्न : मग बायबलमधील ‘नीतिमान ठरणे’ याचा अर्थ सदाचारी होणे असा घ्यावा काय?

प्रतिसाद : येथे ‘ठरणे’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. मूळ ग्रीक क्रियापद न्यायालयातील आहे. निर्दोष ठरवणे हा त्याचा अर्थ. पापी मनुष्य ख्रिस्तामुळे नीतिमान ‘ठरवला’ जातो यावर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने भर दिला, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 साली असे मांडले की देवाची कृपा त्याला आतून नवे करते, म्हणजे तो खरोखर नीतिमान ‘होतो’. सोळाव्या शतकात युरोपातील चर्च दुभंगले त्या वादाचा एक मोठा भाग मराठीच्या या दोन साध्या क्रियापदांत मांडता येतो, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतील) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या.

प्रश्न : याचा अर्थ माणसातील चांगुलपणा ख्रिस्ती श्रद्धा नाकारते, असा होतो का?

प्रतिसाद : नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा अशी माझी कळकळ आहे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे म्हटले आहे. कॅथलिक शिकवणीनुसार मूळ पापाने (आदामापासून मानवजातीत आलेल्या पापाने) मानवी स्वभाव घायाळ झाला, पूर्णपणे नासला नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत पापाची व्याप्ती अधिक कठोरपणे सांगितली जाते, परंतु तिचा रोख माणसाचा एकही पैलू पापापासून अलिप्त राहिलेला नाही हे दाखवण्याकडे आहे. प्रत्येक माणूस होईल तितका वाईट असतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

सत्कृत्यांचे स्थान नेमके पाहायचे तर इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांवर लक्ष ठेवून वाचावा. तारण, म्हणजे पापापासून सुटका, ‘कृपेने’ होते, ते विश्वासाच्या ‘द्वारे’ मिळते आणि माणूस नव्याने निर्माण होतो तो सत्कृत्यां‘साठी’. सत्कृत्यां‘मुळे’ तारण झाले असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.