भराव खचतोय, समुद्र चढतोय: उदंचन केंद्रांचा धोका-नकाशा कसा काढायचा?

दादर_क्यूजीआयएस
मुंबईतली हाजीअली, क्लीव्हलँड बंदरापासून माहुलपर्यंतची उदंचन केंद्रं (पावसाचं पाणी पंपाने समुद्रात टाकणारी), पातमुखं (नाल्यांची समुद्रात उघडणारी तोंडं) आणि वीज उपकेंद्रं एका नकाशावर घेतोय. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहावरून काढलेला जमीन खचण्याचा वेग आणि कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचं, ३० मीटरच्या चौकटींचं उंचीचं मॉडेल हाताशी आहे. भरती ४.८ मीटरची म्हणून तेवढ्या उंचीची रेषा काढली, तर पाणी भलतंच आत शिरतं. कुठे चुकतंय?

खाडीकाठ
शून्यात चुकतंय. उंची ज्या शून्यापासून मोजतात तो डेटम, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा. भरतीच्या तक्त्यातले ४.८ मीटर चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजलेले असतात. अपोलो बंदरला सरासरी समुद्रपातळी त्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. म्हणून मॉडेलवर भरती २.३ च्या आसपास लावा. पालिकेच्या जुन्या ड्रॉइंगवर टाऊन हॉल डेटम हा शहराचा स्वतःचा शून्य असतो, त्यात सरासरी समुद्रपातळीच २४ मीटरच्या वर येते. जीपीएसची कच्ची उंची समुद्रपातळीवरून नाही, पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली असते; ती घेतलीत तर किनारा उणे साठ मीटरच्याही खाली दिसेल. उंचीच्या प्रत्येक रकान्याशेजारी डेटमचा रकाना ठेवाच.

आणि हे कोपर्निकसचं मॉडेल जमीन नाही, छपरं आणि कांदळवनाचे शेंडे मोजतं. खाडीकाठचं कांदळवन त्यात बांधासारखं दिसतं आणि मागची वस्ती सुरक्षित वाटते. ठिकाणं निवडायला ते ठीक. निर्णयाची पातळी बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) जागेवर लेव्हलिंग करूनच घ्या.

रडार_रेषा
खचण्याच्या वेगाबद्दल. तो उपग्रहाच्या तिरक्या नजरेतला असतो. हालचाल निव्वळ उभी धरली तर त्या नजरेच्या उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनने भागा: कोन ३९ अंश असेल तर वर्षाला ५ मिमीचे ६.४ होतात. संदर्भबिंदू (जो स्थिर धरून बाकीचं मोजायचं तो) मलबार हिलसारख्या खडकावर घ्या, भरावावर नको.

सगळ्यात फसवा भाग छपरांचा. खडकापर्यंत पाइल (पायाचे खांब) गेलेली इमारत हलत नाही, तिच्या भोवतीचा रस्ता मात्र बसतो आणि जलवाहिनी भिंतीत शिरते तिथेच तुटते. नकाशावर मात्र छपरावरचा रडारचा मोजठिपका हिरवा, म्हणजे स्थिर! उंच ठिपके वेगळे काढून बघा. शिवाय ताजा भराव आधी भरभर बसतो, मग मंदावतो. आजचा वेग सरळ २१०० पर्यंत ओढू नका.

उधाण
आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालातले मुंबईच्या समुद्रपातळीचे सापेक्ष (जमिनीच्या तुलनेतले) अंदाज वापरत असाल, तर जमिनीची हालचाल त्यात आधीच धरलेली आहे. तो घटक वजा करून मग तुमचा वेग घाला, नाहीतर खचणं दोनदा मोजलं जाईल.

केंद्राचा नुसता बिंदू टाकू नका. तीन पातळ्या नोंदवा: वीज पॅनेलचा तळ, डिझेल जनित्राचं जोतं आणि पातमुखाचा तळ. शहराच्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्या खाली आणि आणखी १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणजे भरतीत झडप मिटली की सगळा भार पंपावर. पॅनेल भिजलं तर तोही गेला.

दादर_क्यूजीआयएस
माहुलच्या चिखलपट्टीत ठिपकेच नाहीत. शेजारच्यांवरून रंग भरू का?

रडार_रेषा
नको. तिथे राखाडी ठेवा आणि ‘मोजमाप नाही’ असं लिहा. भरलेला रंग पुढचा माणूस मोजमाप समजून वापरतो.