छि, त्सुन, ली : चिनी लांबीची मापं मीटरात कशी करायची?

झुगे ल्यांग या जुन्या चिनी मुत्सद्दी-सेनानीबद्दल वाचत होते. तिसऱ्या शतकातल्या चिनी इतिहासात त्याची उंची आठ छि दिलीय. नेटवर कन्व्हर्टर लावला तर २६७ सेंटीमीटर आलं, म्हंजे पावणेनऊ फूट! हे काय प्रकरण आहे, कुणाला माहितीय का?

—

कन्व्हर्टरने आजचा छि धरलाय हो. सध्याचा छि म्हंजे मीटरचा बरोब्बर तिसरा हिस्सा, ३३.३ सेंमी, आणि हा हिशोब विसाव्या शतकात मेट्रिकशी जुळावा म्हणून सरकारने बसवलेला. हान घराण्याच्या काळातला (तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा) छि साधारण २३.१ सेंमीचा होता, तो धरलात की १८५ येतं, उंच पण माणसातलं! थांग काळात (सातवं ते दहावं शतक) तो ३० च्या आसपास गेला, छिंग काळात (सतरावं ते विसावं शतक) बांधकामाचा छि ३२ झाला. कर कापडात नि धान्यात घ्यायचे ना, मग माप वाढलं तर नुकसान कुणाचं हे सांगायला नकोच :) हाँगकाँगात अजून ३७.१ चा छि आहे आणि तैवानात ३०.३ चा, तो जपानी राजवटीत आलेला. त्यामुळे आधी कुठला काळ, कुठलं गाव ते विचारायचं, कॅल्क्युलेटर नंतर.

—

लिहायचं कसं पण? 'ची' लिहिलं की षष्ठीचा प्रत्यय वाटतो, 'छी' लिहिलं की नाक मुरडल्यासारखं.

—

छि चालेल की. दहा त्सुनचा एक छि, दहा छिचा एक झांग, एवढं मात्र काळ बदलला तरी तसंच राहतं. घोळ आहे तो ली मध्ये. १८०० छिचा एक ली असा जुना हिशोब, म्हणजे हान काळात साधारण ४१६ मीटर, छिंग काळात ५७६, आणि आज सरळ ५००. ह्युएनत्संगाने आपल्या महाराष्ट्राचा घेर ६००० ली लिहिलाय ना, तिथे थांग काळातल्या दोन छिंपैकी मोठा धरायचा की छोटा (मोठा म्हंजे छोट्याच्या सव्वापट, जवळजवळ) यावर पाचेकशे किलोमीटरचा फरक पडतो! वर तोच सांगतो की एक योजन जुन्या हिशोबाने ४० ली, इथल्या चालीप्रमाणे ३० आणि धर्मग्रंथांत १६. आता यावरून नकाशे काढणाऱ्यांना माझा नमस्कार.

—

ॲक्युपंक्चरवाले पण त्सुन म्हणतात, तो किती?

—

तो सेंटीमीटरात नसतोच. पेशंटच्याच अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी तेवढा एक त्सुन, चार बोटं जोडली की तीन, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत बारा. मळमळीवर दाबतात तो नेइग्वान बिंदू मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर, मग लहान पोराचा त्सुन वेगळा आणि पैलवानाचा वेगळा. आणि हो, चीनमध्ये ५५ त्सुनचा टीव्ही म्हणतात तो त्सुन म्हंजे इंच, त्याला ३.३ ने गुणू नका, भिंत पुरायची नाही.