कोकोच्या बिया वाटल्या, पण कचकच जात नाही

अर्धकच्ची:
कोकोच्या बिया भाजून, सालं पाखडून, साखरेबरोबर मिक्सरमध्ये वाटल्या. चव चॉकलेटचीच, पण किंचित आंबूस, आणि जिभेवर कचकच लागते. थोडं दूध घालून परत फिरवू का?

खलबत्ता:
दूध अजिबात नको! जरासा ओलावा लागला की साखर चिकट होते आणि सगळ्याचा घट्ट गोळा बसतो. मिल्क चॉकलेटमध्ये दुधाची पावडर घालतात ती याचसाठी.

मिक्सरचं पातं कापतं. इथे रगडायला हवं. कण साधारण २० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उतरले की जिभेला कळेनासे होतात. दगडी चाकांच्या यंत्रातही त्याला दिवसभर, कधी जास्तच लागतो. पातळपणाची चिंता सोडा. सोललेल्या बियांत निम्म्याच्या आसपास कोको बटर, म्हणजे बियांतली चरबी, असतं, घर्षणाच्या उबेनं ते आपोआप सुटतं. पुढचं लांबलचक घोटणं म्हणजे कॉन्चिंग. स्विस चॉकलेटवाल्या रोडोल्फ लिंटनं १८७९ मध्ये ते काढलं, त्याआधी खायचं चॉकलेट रवाळच असे.

आंबूसपणा बियांबरोबरच आलाय. फळातून काढलेल्या बिया पांढऱ्या गरासकट पाच-सात दिवस झाकून आंबवतात. यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल. ढीग ४५-५० अंशांपर्यंत तापतो, आतला अंकुर मरतो, आणि चवीचा पाया तिथेच पडतो. न आंबवलेली बी कितीही मन लावून भाजा, ती चॉकलेटसारखी लागायची नाही. लोक भाजण्याचं फार कौतुक करतात, मला ते उगाच वाटतं. उरलेलं आम्ल बरंचसं भाजताना आणि घोटताना उडतं, म्हणून घोटताना झाकण घट्ट लावू नका.

अर्धकच्ची:
दूध रद्द! अजून एक. साच्यात ओतलेल्या वड्यांवर पांढरट डाग आलेत. बुरशी का?

उष्णमापक:
बुरशी नसावी. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. चकाकी आणि कट्कन मोडणं हवं असेल तर पाचवा प्रकार लागतो. नुसतं वितळवून ओतलं की भलतेच स्फटिक बनतात आणि बटर वर येऊन पांढरं दिसतं. डार्क चॉकलेट ४५-५० अंशांना पूर्ण वितळवा, ढवळत २७-२८ वर आणा, परत ३१-३२ पर्यंत चढवून ओता. थर्मामीटर घ्याच, अंदाजानं जमत नाही.

खलबत्ता:
+१. त्याच वड्या वितळवून पुन्हा ओता, फुकट काही जात नाही. फक्त गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवत असाल तर खालच्या पाण्याची वाफ भांड्यात शिरू देऊ नका.