चामड्यावरचे डाग: परत करू का?

बी-३०४: नमस्कार सोसायटीतल्या मंडळींनो. दोन महिन्यांपासून घरी चामडीकाम शिकतोय. काल धारावीतून म्हशीचं व्हेज टॅन (झाडाच्या सालीत वगैरे कमावलेलं) चामडं आणलं, चौदा चौरस फूट. घरी उलगडलं तर मानेकडे सुरकुत्या, मध्ये वीतभर ओरखडा, जागोजागी टिपके. परत करू का? पोटाकडचा भाग तेवढा स्वच्छ आहे, पट्टा त्यातूनच काढावा म्हणतोय.

ए-१०२: थांब, कापू नकोस! खिडकीशी तिरपं धरून फोटो टाक.

बी-३०४: 📷 📷

ए-१०२: टिपके गोचिडांचे. सुरकुत्या मानेच्याच, त्या प्रत्येक जनावराला असतात. ओरखडा काटेरी तारेचा वाटतो. त्या जागी चामडं दुमडून बघ. भरून आलेला वण असेल तर काही होत नाही. भेग उघडली तर तेवढी जागा सोडून दे.

सी-५०१: पण दुकानातल्या पर्सवर असले डाग कधीच दिसत नाहीत.

ए-१०२: ताई, बऱ्याच वेळा तिथे वरचा थर घासून टाकतात, रंगाचा लेप देतात आणि दाब देऊन खोटे दाणे उठवतात. चामड्याचा खरा दाणा त्या वरच्या थरातच असतो.

बी-३०४: दुमडलं काका. भेग नाही पडली.

ए-१०२: छान. आता पोटाकडची पट्टी दोन्ही हातांनी ओढ. मग पाठीची ओढ.

बी-३०४: पोटाकडची ताणली जातेय! पाठीची हलत नाही.

ए-१०२: म्हणून म्हटलं थांब. पोटाचं चामडं सैल असतं. पट्टा कण्याला समांतर, पाठीतूनच काढायचा, मग त्यावर चार टिपके आले तरी चालतील. आमचे वडील कोल्हापुरात चपला करायचे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं यायचं. रापी (चामडं कापायची सुरी) हातात घेण्याआधी त्यावर ओला फडका फिरवायचे. कोरड्यावर न दिसणारे वण ओलं झालं की उठून दिसतात. प्रत्येकाभोवती खडूने गोल करायचे, मग साचे फिरवून फिरवून जागा शोधायचे. त्यात कधी अर्धा तास जायचा, पण तुकडा वाया गेलेला मला आठवत नाही.

सी-५०१: किती सुंदर सांगितलंत!

बी-३०४: काका, गडद तपकिरी रंग दिला तर वण झाकले जातील ना?

ए-१०२: भरवसा नाही. वणावर रंग वेगळा बसतो, कधी फिका, कधी काळपट. आधी कडेच्या तुकड्यावर लावून बघ, तेलाचंही तसंच.

बी-३०४: पट्टा पाठीतून कापला. वीतभर ओरखडा पाकिटाच्या पुढच्या बाजूला घेतोय, तिरपा. सुरेख दिसतोय.

ए-१०२: घे की. फक्त शिलाईची ओळ आणि घडी त्यावर येऊ देऊ नकोस. आरीने शिलाईची भोकं पाडण्याआधी एकदा खाली घेऊन ये, बघतो.