‘वाइल्ड’ म्हणजे रानटी का? (सोसायटी ग्रुप, रविवार)

ए-२०४ : काल जिन्यातल्या गोंधळावरून आमच्या मुलांना ‘वाइल्ड’ म्हटलं गेलं. मुलं दंगा करतात, मान्य. पण रानटी? शब्द मागे घ्यावा ही नम्र विनंती 🙏

बी-१०१ : ताई, रानटी मी म्हटलेलं नाही. वाइल्ड म्हणजे आवरत नाहीत, एवढंच. मुद्दा जिन्याचा आहे. दुपारी २ ते ४ खेळ नको.

ए-२०४ : डिक्शनरीत पाहिलं काका. रानटी, जंगली, स्पष्ट लिहिलंय.

सी-३०३ : थांबा जरा. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून लिहिते. ‘वाइल्ड’ म्हणजे मुळात माणसाने न पाळलेलं, न पेरलेलं. मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. फूल असेल तर रानफूल, डुक्कर असेल तर रानडुक्कर, १९७२ च्या कायद्यात वन्यजीव. यात कमीपणा कुठेच नाही. वारा असेल तर सुसाट. माणसाला लावला की मात्र रानटी, आणि ते बोचणारच. मुलांच्या बाबतीत फार तर मोकाट.

ए-२०४ : मोकाट गुरं असतात बाई 😔

बी-१०१ : मुद्दा जिन्याचा आहे. दुपारी २ ते ४ खेळ नको.

सी-१०२ : आणि वाइल्ड कार्ड? २००१ ला टेनिसपटू इव्हानिसेविच त्यावरच, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, विम्बल्डनला आला आणि जिंकून गेला 💪

डी-४०१ : पत्त्यांतून आलाय तो शब्द. जोकर, हवं ते पान होतो.

सी-१०२ : म्हणजे आपले सेक्रेटरी 😄

सेक्रेटरी : पार्किंगचा अर्ज माझ्याकडेच पडलाय, लक्षात असू द्या.

सी-३०३ : विषय सोडू नका रे. ‘विल्डरनेस’मधला ‘डिअर’ माहीत आहे? आज त्याचा अर्थ हरीण, जुन्या इंग्रजीत कुठलंही जनावर. म्हणजे जनावरांचा मुलूख. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यात तर विल्डरनेस म्हणजे जिथे माणूस पाहुणा, मुक्कामाला राहत नाही अशी जागा. किती सुंदर!

बी-१०१ : बाई, छान माहिती. पण मुद्दा जिन्याचा आहे.

ए-२०४ : मग मुलांना म्हणायचं काय?

सी-३०३ : व्रात्य म्हणा. संस्कृतात त्याचाही अर्थ संस्कार न झालेला असाच होता. पण आज आजी नातवाला व्रात्य म्हणते तेव्हा कुणाला राग येतो?

ए-२०४ : व्रात्य चालेल.

बी-१०१ : ठीक. ‘वाइल्ड’ मागे घेतला. व्रात्य मुलांनी दुपारी २ ते ४ जिन्यात खेळू नये.