रात्रीत बसची सगळी हवा उतरते, गळती सापडत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुन्या बसचं फिरतं घर केलंय. इंजिन मागे, एअर ब्रेक, एअर सस्पेन्शन (बस स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर, म्हणजे एअर बॅगवर, उभी). संध्याकाळी इंजिन बंद करताना ब्रेकच्या पहिल्या सर्किटचा (हवेच्या दोन वेगळ्या वाटांपैकी एक) दाबाचा काटा ८.२ बारवर असतो, दुसऱ्याचा ७.८ वर. सकाळी दोन्ही शून्यावर आणि मागचा डावा कोपरा खाली बसलेला. मग कमी दाबाच्या बझरचं केकाटणं ऐकत हवा भरायची वाट बघायची.

डावी एअर बॅग बदलून झाली. जुनीच्या घडीत भेगा दिसल्या, तेव्हा चोर सापडला म्हणून खूश झालो होतो. फरक शून्य. हवेच्या टँकचे ड्रेन, ड्रायर (हवेतली ओल काढणारा), ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारे डबे), सगळीकडे साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर बदला. बदलू का?

प्रतिसाद १

कॉम्प्रेसरला हात लावू नका. त्याचं काम हवा भरायचं. ब्रेकच्या दोन्ही टँकच्या तोंडाशी एकमार्गी व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे ते धड असतील तर कॉम्प्रेसर किंवा ड्रायर गळला तरी या टँकमधली हवा मागे जात नाही. सस्पेन्शनच्या गळतीनेही ब्रेकचे काटे सहसा शून्यावर येत नाहीत, मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो आणि दाब ठरावीक पातळीखाली गेला की तो सस्पेन्शनची वाट बंद करतो. मला वाटतं तुमच्याकडे दोन वेगळ्या गळत्या आहेत आणि तुम्ही एकच शोधताय.

साबण बाजूला ठेवा, वही घ्या. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ठोकळे, इंजिन बंद. दर दहा मिनिटांनी दोन्ही काटे लिहा, एकदा पार्किंग ब्रेक लावून, एकदा सोडून. पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो, हवेने सुटतो; तो लावलेला असताना स्प्रिंग चेंबरच्या नळ्या रिकाम्या असतात, तेव्हा तिथे साबण मारून काय दिसणार? ब्रेक चेंबरमधल्या रबरी पडद्याचं, डायफ्रॅमचंही तसंच, कुणीतरी पेडल दाबून धरल्याशिवाय तो बोलत नाही.

आणि चासीखाली स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नका. बॅग फुटली किंवा लेव्हलिंग व्हॉल्व्हची (बॅगेत हवा भरून-सोडून बसची उंची राखणारा) दांडी हलली की बस एका क्षणात खाली येते. जॅकच्या भरवशावरही नको.

धागाकर्ता

वही लिहिली. पार्किंग लावून: पहिला काटा ८.२ वरून हळूहळू ७.८ वर आला, तोवर दुसरा जागचा हलला नाही. पुढे दोघं हातात हात घालून खाली. पार्किंग सोडूनही हुबेहूब तसंच.

प्रतिसाद १

वा, हे तर उत्तरच आहे. पार्किंग ब्रेक लावायच्या-सोडायच्या हॅंड व्हॉल्व्हला दोन्ही सर्किटांमधून हवा मिळते, मध्ये दुहेरी चेक व्हॉल्व्ह असतो. तो ज्या बाजूला दाब जास्त तिकडून हवा घेतो. म्हणून आधी पहिला उतरला, बरोबरीला आल्यावर दोन्ही. पार्किंग लावा किंवा सोडा, फरक पडत नाही, म्हणजे मागचे स्प्रिंग चेंबर संशयातून सुटले. दुहेरी चेक व्हॉल्व्हपासून हॅंड व्हॉल्व्हपर्यंतच्या तुकड्यात बघा. बहुतेक डॅशबोर्डच्या आत.

धागाकर्ता

सापडली! डॅशबोर्डचं पॅनेल काढलं, फ्रिज आणि पंखा बंद केला, तेव्हा कुठे बारीक सूं ऐकू आलं. हॅंड व्हॉल्व्हच्या पुश-इन (नळी नुसती खोचून बसणाऱ्या) जोडणीत नळी तिरकी कापून खोचलेली. गृहसजावट करताना वायरिंगसाठी मीच ती नळी काढून कात्रीने कापली होती, आता आठवतंय. नळी कापायच्या कटरने सरळ कापली, पुन्हा बसवली. काल रात्री ८.२ आणि ७.८, सकाळी ८.० आणि ७.८.

कोपरा मात्र सकाळी बसलेलाच होता. तुमचं खरं, गळत्या दोन. स्टँड लावून लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टला (हवा बाहेर सोडायच्या तोंडाला) साबण लावला तर तिथे संथ बुडबुडे येताहेत. दांडी जागेवर आहे. व्हॉल्व्ह उघडून साफ करण्यात काही अर्थ असतो का, की सरळ नवा टाकू?

प्रतिसाद २

आधी त्या व्हॉल्व्हपासून बॅगकडे जाणाऱ्या नळीत एक तोटी बसवा, बॅग भरली की ती बंद करा आणि रात्रभर बघा. तोटी बंद असूनही कोपरा बसला तर गळती बॅगकडेही आहे. नव्या बॅगची जोडणीसुद्धा तुम्हीच केलीत ना?