गुडघा बरा होतोय, चढ चालणार नाही: नदीकाठ घ्यावा की कालवाकाठ?

निवांतपॅडल

नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्यातल्या मेनिस्कसचं, म्हणजे सांध्यातल्या गादीसारख्या कूर्चेचं, ऑपरेशन झालं. आता फिजिओथेरपिस्टने सायकल चालवायला परवानगी दिली आहे, पण चढ नको आणि जोर लावून पॅडल मारणं नको, असं बजावलंय. शहरात राहते. रोडबाईक आहे, टायर २५ मिमीचे. रविवारी पहाटे तीनेक तास मिळतात, म्हणजे माझ्या वेगाने ५०-५५ किमी.

नदीच्या कडेचा रस्ता सपाटच असणार, असं मी धरून चालले होते. गेल्या रविवारी शहराबाहेर नदीकाठच्या रस्त्याने २७ किमी गेले आणि त्याच रस्त्याने परत आले. घरी येऊन पाहिलं तर चढाई ४१० मीटर! वाटेत घाट नाही, दम लागावा असा लांब चढ नाही, तरी संध्याकाळी गुडघा सुजला. बर्फ लावून बसले होते तेव्हा रडू आलं. आठ महिने या एका रविवारची वाट पाहिली होती.

नदीच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याने एक कालवा जातो. त्याच्या कडेने रस्ता दिसतो. पण मार्ग आखायच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला तर तिथेही ५० किमीत २९० मीटर चढाई दाखवतंय. मग कालव्याने जाऊन फायदा काय? आणि शहराजवळ खरोखर सपाट रस्ता शोधायचा तरी कसा? कोणी कालव्याच्या कडेने नेहमी चालवत असेल तर कृपया सांगा.

शंभरकिमी

ताई, गुडघ्याची काळजी घ्या. नदी सपाट असते, नदीकाठचा रस्ता नसतो. पुराचं पाणी चढू नये म्हणून रस्ता काठापासून लांब आणि उंचावर ठेवलेला असतो. नदीला मिळणारा प्रत्येक ओढा त्याला ओलांडावा लागतो. ओढ्याशी खाली उतरायचं, पुलावरून पलीकडे जायचं, पुन्हा वर चढायचं. जाताना वीसेक ओढे लागले आणि प्रत्येकाला दहा मीटर धरले तर दोनशे मीटर झाले. परतताना तेच ओढे पुन्हा. तुमचे ४१० मीटर जवळपास इथेच भरतात. असे छोटे चढ फसवे असतात. उताराच्या वेगात आपण जड गिअरवर असतो, चढ समोर येतो, आणि गिअर उतरवायच्या आत दहा-बारा पॅडल गुडघ्यावर घेतली जातात. सूज बहुधा त्यानेच आली.

नदीचा बांध, म्हणजे पूर अडवायला घातलेला मातीचा लांब भराव, त्याच्या माथ्यावर रस्ता असेल तर गोष्ट वेगळी. तो मात्र सपाट असतो. पण तिथे आडोसा कसलाच नाही, वारा सगळा अंगावर. म्हणून जाताना वारा समोरून असेल अशी दिशा निवडा. परतताना पाय थकलेले असतात, तेव्हा तो पाठीशी हवा. वाऱ्याने जाताना गेलेला वेळ परतताना पूर्ण भरून निघतो असं वाटतं, पण तसं होत नाही. एरवी ताशी २५ ने चालवणाऱ्याला ३० किमी जाताना वाऱ्यामुळे २० चा वेग मिळाला आणि येताना ३० चा, तर दीड तास अधिक एक तास, मिळून १५० मिनिटं लागतात. वारा नसता तर १४४ लागली असती. तुमच्या तीन तासांत ही सहा मिनिटं आधीच धरून ठेवा, म्हणजे शेवटी घाईने जोर लावावा लागणार नाही.

पाटकरी

मी निवृत्त आहे. पूर्ण नोकरी कालव्यांच्या देखभालीत गेली, आणि कालव्याचा रस्ता मी सायकलवरून जितका पाहिला तितका जीपमधून पाहिला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कालवा सपाट असतो याचं कारण असं: मातीच्या कालव्यात पाणी फार जोरात गेलं तर तळ आणि बाजू खरवडल्या जातात, फार हळू गेलं तर गाळ बसतो आणि गवत माजतं. म्हणून उतार मोजून मापून देतात. पाच हजारांत एक हा नेहमीचा आकडा धरा. म्हणजे किलोमीटरला वीस सेंटिमीटर. तीस किलोमीटर गेलात तर सहा मीटर, दुमजली घराएवढं! तेवढा उतार राखण्यासाठी कालवा टेकडीच्या समपातळी रेषेला चिकटून वळत वळत जातो. अंतर वाढतं, पण चढ लागत नाही. जिथे जमीनच जास्त उतरते तिथे पाण्याला एक-दोन मीटरची पायरी देतात, तिला आम्ही फॉल म्हणायचो. तिथे रस्ता जरासा उतरतो, तेवढंच.

ओढा आला तर कालवा खाली उतरू शकत नाही. मग एक तर ओढा भरावाखालच्या मोरीतून काढतात, नाहीतर कालवाच जलसेतूवरून पलीकडे नेतात. मोरी असेल तर रस्ता सरळ जातो, तुम्हाला कळणारही नाही. जलसेतूवर मात्र बऱ्याच ठिकाणी पाण्यापुरतीच जागा असते. तिथे रस्ता तुटतो, ओढ्यात उतरून पुन्हा वर यावं लागतं. ताई, अशा ठिकाणी तुम्ही सायकल हातात धरून चाला. गुडघा बरा होईपर्यंत तरी.

टेकडीच्या कडेने जाणाऱ्या कालव्याला खालच्या अंगाने भराव असतो. देखभालीचा रस्ता बहुधा त्या भरावावर, दुसऱ्या काठाला नुसती पायवाट. हा रस्ता लोकांच्या रहदारीसाठी बांधलेला नसतो. फाटक बंद असेल किंवा मनाईचा फलक असेल तर परत फिरा, कडेने वाट काढू नका. डांबर कुठे असतं, कुठे नसतं. मुरूम कोरडा आणि दबलेला असेल तर २५ मिमीचे टायरही जातात, पण २८ किंवा ३२ बसत असतील तर ते घाला आणि हवा थोडी कमी ठेवा. पावसानंतर दोन दिवस जाऊच नका. भरावाची चिकण माती ओली झाली की ब्रेकमध्ये भरते, आणि तुमची चाकं भरावाला चर पाडतात. तोच चर पुढच्या पावसात मोठा होतो. त्या चरांवर मी किती पावसाळे घालवलेत ते मलाच माहीत.

आता मुख्य सांगणं. काँक्रीटचं अस्तर असलेल्या कालव्याच्या पाण्याजवळ उतरायचं नाही. हात धुवायला नाही, बाटली भरायला नाही. अस्तर तिरकं असतं, पाण्याच्या रेषेवर शेवाळ असतं, आणि एकदा पाय घसरला की धरायला काही नाही. चांगला पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. माझ्यासमोर एक मुलगा पाय धुवायला उतरला होता. चारशे मीटर वाहत गेला. पुढच्या पुलावरून दोघांनी दोर सोडला म्हणून वाचला. दोर गाडीत होता, एवढाच त्याचा आणि आमचा नशिबाचा भाग. कालवा जिथे सायफनमध्ये, म्हणजे ओढ्याखालून पाणी नेणाऱ्या बंद नळात, शिरतो तिथे तर वरून पाणी शांत दिसतं आणि खाली जबर ओढ असते. कोणी पडलेलं दिसलं तर मागे उडी टाकू नका. सायकलची जादा ट्यूब असेल, कपडा असेल, लांब काठी असेल, ते काठावर पालथं पडून पुढे करा आणि आरडाओरडा करून माणसं जमवा.

चालवताना पाण्यापासून लांबची कड धरा. समोरून ट्रॅक्टर आला तर भरावाच्या बाहेरच्या अंगाला उतरून उभ्या राहा, पाण्याच्या अंगाला कधीच नाही. कडेला आकडे लिहिलेले दगड दिसतील, त्याला आम्ही साखळी म्हणतो. कालव्याच्या मुखापासूनचं अंतर असतं ते. ते वाचत जा. मदत बोलवायची वेळ आली तर "कालव्याच्या कडेला आहे" यापेक्षा साखळी सांगितलेली कधीही बरी.

नकाशावाला

त्या २९० मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. बरीच अ‍ॅप उंचीसाठी उपग्रहाची किंवा अवकाशयानाची मोजणी वापरतात. त्यातली सर्वात प्रसिद्ध मोजणी २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या स्पेस शटलमधून अकरा दिवसांत झाली. तिच्यात उंचीचा एक बिंदू साधारण ३० मीटरवर आहे, काही ठिकाणी वापरली जाणारी प्रत तर ९० मीटरची आहे. कालव्याचा रस्ता तीन-चार मीटर रुंद आणि एका बाजूला टेकडी. मग एक बिंदू टेकडीवर पडतो, पुढचा खालच्या शेतात. अ‍ॅपला वाटतं तुम्ही चढताय, उतरताय. वळणदार कालव्यावर अशी खोटी चढाई नेहमी जमते. नदीकाठच्या रस्त्याचे ४१० मीटर सायकलवरच्या बॅरोमीटरने, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या यंत्राने, मोजले असतील तर ते मात्र खरे.

मी असं करतो: उपग्रहाच्या चित्रात कालव्याची निळी रेघ धरून जातो आणि जलसेतू, फाटकं, पूल मोजतो. रस्ता पांढरट दिसला तर मुरूम, करडा दिसला तर डांबर. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, कोणी पृष्ठभाग नोंदवला असेल तर तोही पाहतो. रस्त्याला दर दोन-तीन किलोमीटरवर पूल असेल तर उत्तम. कंटाळा आला, टायर फुटला, की पुलावरून मोठ्या रस्त्याला लागता येतं.

शंभरकिमी

एक राहिलं. सपाट रस्ता गुडघ्याला सोपा, पण शरीराला विसावा देत नाही. उतार नाही म्हणजे पॅडल थांबवायची संधीच नाही. दोन तास त्याच एका स्थितीत बसून हात बधिर होतात, सीटखाली दुखतं. दर दहा मिनिटांनी पाचसात सेकंद सीटवरून उठा, हात हलवा. गिअर हलका ठेवा, पाय मिनिटाला ८५-९० वेळा फिरू द्या. आणि सीटची उंची तपासा. पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो.

पाटकरींनी कालव्याचा उतार सांगितला, त्याला जोड म्हणून: अमेरिकेत चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने खेचरांनी नावा ओढायची वाट होती, ती आता सायकलवाल्यांना खुली आहे. २९७ किमीत मिळून १८४ मीटरचा फरक, तोही बराचसा ७४ जलपाशांपाशी, जिथे नावा पायरीपायरीने वर-खाली करत. म्हणजे एका जलपाशाला सरासरी अडीच मीटर, आणि मधे सपाट. नावेचा कालवा मिळाला तर चढ कुठे आहेत ते नकाशावर मोजूनच दाखवता येतं.

निवांतपॅडल

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटकरी काका, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि घरच्यांनाही वाचून दाखवलं. सीट बारा मिलिमीटर खाली होती. वर घेतली.

काल गेले. फाटक उघडं होतं. पहिले चार किलोमीटर डांबर, मग दबलेला मुरूम. सूर्य उगवताना पाण्यावरून धुकं सरकत होतं, पंधरा मिनिटं पुढचा-मागचा दिवा लावून अगदी हळू चालवलं. बगळे होते, आणि पाण्याचा आवाज मागून येत राहतो तो मला फार आवडला. तुम्ही म्हणालात तशी पाण्यापासून लांबची कड धरली. एक ट्रॅक्टर आला, भरावाच्या बाहेरच्या अंगाला उतरून उभी राहिले. चालवणाऱ्याने हात केला.

साखळी १९ ला जलसेतू लागला. रस्ता तिथेच संपतो, ओढ्यात उतरायला खडकाळ वाट आहे. चालत उतरून पलीकडे जाता आलं असतं, पण वेळ बघून तिथूनच फिरले. एकूण ३८ किमी, बॅरोमीटरने चढाई २१ मीटर. आज सोमवार, सकाळी टेप लावून दोन्ही गुडघे मोजले, घेर सारखाच आहे.

ओढ्याच्या पलीकडे रस्ता डांबरी दिसत होता.